आईच्या बाटलीवरच्या खुणा

घोटावडे, मंगळवार संध्याकाळ, १९५८

आईचं हृदयाचं औषध रोज एक खूण उतरायला हवं. कंपाउंडरने बाटलीला तशी पट्टीच चिकटवलीय. काल उतरलं नव्हतं. मी म्हणालो, "बाटलीची पूजा मांडायचीय का?" आज पाहतो तर दोन खुणा खाली. मला आधी बरंच वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मग ती म्हणाली, "काल सोमवारचा उपास व्हता. तू टोचून बोलतोस, म्हून आज दोन्ही डोस एकदम घेतलं. आता बरोबर हाय न्हवं?"

खुणेप्रमाणे बरोबरच. पौडच्या डॉक्टरकडे गडी धाडलाय. चौथ्यांदा तिची नाडी पाहून आलो, अडखळतेय. माझ्या टोमण्यांना सगळे हसतात. आईने मात्र कालचा टोमणा हुकूम समजून पाळला.