पॅटर्न मोठाच असतो

सोमवार, २ फेब्रुवारी
अकरावीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘आर्किटायपल’ हा शब्द आला. पोरांना सांगितलं — मूळ ग्रीक. आधी ‘आरंभ’, मग ‘ठोकून उमटवलेला ठसा’. म्हणजे सगळ्यांच्या आधीचा नमुना, पुढचे सगळे त्याच्यावर बेतलेले. प्रियदर्शनी म्हणाली, “मॅडम, उदाहरण सांगा की.” विजयसिंहाचं नाव अगदी ओठावर आलं! सिनेमातल्या खाष्ट सासूचं उदाहरण देऊन सुटले.

दुसरीशी लग्न करून तो पुण्याला गेला, त्याला सहा वर्षं झाली. जयसिंगपूरच्या कॉलेजातून परतताना एसटीत मी अजून मनात त्याच्याशीच बोलते. बरं नाही हे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
परवा मला बघायला पाहुणे येणार. अव्वा म्हणते, “ह्यो सातवा हाय, लेकी. आता तरी नाक मुरडू नगंस.”

रविवार, ८ फेब्रुवारी
शिवशरण. कागल एमआयडीसीत पॅटर्नमेकर — ओतकामाचे लाकडी नमुने करतो. विजयसिंहाची उंची नाही, तसं हसणं नाही. उप्पीट मात्र मन लावून खाल्लं.

आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. काय बोलायचं म्हणून मी तो शब्दच सांगितला. गडी खुलला. “म्हंजे आमचाच धंदा की! पर पॅटर्न कवाबी थोडा मोठाच करत्यात. ओतल्यालं बीड, म्हंजे लोखंड, गार होताना आकसतंय. त्यासाठी आमची पट्टीच निराळी, जरा वाढीव मापाची असत्या. शिकताना मी ती पट्टी तयार मालाला लावली. समदा माल बारका भरला. चांगला माल बाद केलता मी.”

सहा जणांना मी कुठल्या पट्टीने बाद केलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मग मीच विजयसिंहाबद्दल सांगून टाकलं. का, कोण जाणे.

“अजून आठवतोय?”

“रोज,” मी म्हणाले. खोटं बोलवेना.

सोमवार, ९ फेब्रुवारी
विजयसिंहाचा फोटो काढून पाहिला. कान मोठे आहेत. पाच मिनिटं उशीर झाला की चारचौघांत ओरडायचा माझ्यावर — हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी
अव्वाला म्हटलं, मला पसंत आहे. तिला खरंच वाटेना. दोनदा विचारलं, मग देवापुढे साखर ठेवायला गेली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
शिवशरणच्या मामांचा फोन. “पोरगी झ्याक हाय. पर तिचं मन मोकळं न्हाय, असं पोरगा म्हणतोय.” नकार.

अव्वा म्हणाली, “जाऊ दे, दुसरा बघू.”

मला दुसरा नको आहे.