निरोगी घड्याळ

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझी वहिनी मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे. डोळ्याचं कळल्यापासून ती मला दुकानात जाऊ नको म्हणते आणि मी जातो. डॉक्टर म्हणाले, भिंग लावायचा डोळाच नेमका कामातून चाललाय. जूनपर्यंत बारीक काम जमेल, पुढचा भरवसा नाही.

आता मुद्द्याचं. सोबत एका घड्याळाचं कात्रण आहे. ही कंपनी आपल्या देशात विकत नाही, पण तुझ्या शहरात तिचं दुकान आहे. मला ते हवंय. पैशांची सोय झालीय, ती काळजी नको. मिरवायला नकोय गं. एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण माझ्याकडे आली ती सगळी आजारी. कुणी पाण्यात पाडलेलं, कुणी मुलाच्या हाती खेळायला दिलेलं. नवंकोरं, निरोगी, उत्तम घड्याळ आतून कसं चालतं ते मी एकदाही पाहिलेलं नाही. डोळा जायच्या आत तेवढं बघायचंय. हसू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा


१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसले नाही, पण डोकं मात्र चक्रावलंय. त्या दुकानात जाऊन आले. दाराशी रखवालदार, आत गालिचा आणि हातमोजे घातलेला एक गृहस्थ. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं कात्रण पाहून निवड फार सुंदर आहे म्हणाला. काचेत तेच घड्याळ होतं. मी म्हटलं, द्या. तर म्हणतो, हे विकायला नाही, बघायला आहे. शेजारचं? तेही बघायला. मग दुकान कशाला थाटलंय, असं अगदी ओठांवर आलं होतं.

मग त्याच्या चौकशा. घड्याळ कुणासाठी, तो काय करतो, आमच्या कंपनीची आणखी किती घड्याळं त्याच्याकडे आहेत. मला कळेना, मी घड्याळ घ्यायला आलेय की तुझं स्थळ घेऊन. मी खरं ते सांगितलं, भाऊ घड्याळजी आहे, आल्याबरोबर उघडून बघणार आहे. दादा, त्याने चटकन काचेवर हात ठेवला! म्हणाला, आम्ही गिऱ्हाईक पारखून घड्याळ देतो, आणि बाहेरच्या कुणी उघडलं तर हमी संपते. तुझं नाव यादीत लिहून घेतलंय. दोन-तीन वर्षं लागतील.

दोन-तीन वर्षं म्हटल्यावर मला तिथेच रडू फुटायच्या बेतात होतं.

वहिनीचं ऐक. जीव लावतोस तसाच लाव.
तुझी धाकटी


४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग वहिनीकडून मोठ्याने वाचून घेतलं. दोघांनाही उलगडा झाला नाही. वस्तू दुकानात आहे, पैसे हातात आहेत, तरी ती मिळत नाही, हा कुठला व्यवहार? आणि स्वतःचं घड्याळ उघडायला कुणाची परवानगी? वहिनी म्हणते, तू खोटं का बोलली नाहीस. तिला म्हटलं, ते लहानपणीही तिला जमायचं नाही, मार मात्र मला बसायचा.

हल्ली दुपारनंतर डोळ्यापुढे धुकं येतं. काल एक स्क्रू हातातून निसटला, तो अर्धा तास सापडला नाही. सकाळी होतं तेवढंच काम करतो. तू आता त्या घड्याळाचा नाद सोड. राहिलं तर राहिलं.

पत्राला उशीर नको, एवढाच हट्ट.
तुझा दादा


२९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राहिलं तर राहिलं, हे वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून तुला न विचारता एक उद्योग केलाय. त्या बड्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान आहे. तिथे तेच घड्याळ मिळालं. दुकानदार बोलघेवडा, पण पाणी-बिणी न विचारता सरळ भाव सांगणारा. म्हणाला, कुणीतरी कंपनीतून घेतलं आणि कधी हातात घातलंच नाही, डबीतच राहिलं. मी तीनतीनदा विचारलं, निरोगी आहे ना? त्याला तो शब्द कळेना, पण छातीवर हात ठेवून हो म्हणाला.

ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ तिकडे येताहेत, त्यांच्या हाती पाठवलंय. मिळाल्याबरोबर उघड, आणि काय दिसलं ते सगळं लिही.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी


१७ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

घड्याळ पोचलं. सकाळच्या उजेडात उघडलं. आता काय लिहू ते कळत नाही, पण लपवत नाही.

आम्हा लोकांची एक रीत असते. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण आणि तारीख कोरायची, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. तुझ्या नव्याकोऱ्या घड्याळात अशा दोन खुणा आहेत. एक अकरा वर्षांपूर्वीची, दुसरी चार वर्षांपूर्वीची. कोरण्याच्या कलावरून पहिला कारागीर डावखुरा असावा.

आधी संताप आला. तुला फसवलं म्हणून जास्त. मग पाहत बसलो. एक चाक बदललंय, पण असं बेमालूम की मला शोधायला तास लागला. आता वाईट वाटून घ्यावं की काय, माझं मलाच समजेना. वहिनी विचारते, मनासारखं मिळालं का? मी हो म्हणालो, नाही म्हणालो, आणि चहा गार केला.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. आहे तशीच राहा.
तुझा दादा


२८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तडक त्या दुकानात गेले. त्या दोन खुणा त्याला ठाऊक होत्या मेल्याला! मी इतका आरडाओरडा केला की रस्त्यातली माणसं थांबली. शेवटी कबूल झाला, घड्याळ परत द्या, सगळे पैसे देतो. अट एकच, आत दोनच खुणा हव्यात, तिसऱ्या कुणाचा हात लागलेला नको. तू नुसतं बघितलंस, तेव्हा प्रश्नच नाही. ताबडतोब पाठव. खरंखुरं नवं मी कुठूनही मिळवते.

माझ्यावरची माया आटली नसेल तर लगेच कळव.
तुझी धाकटी


८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परत करता येणार नाही गं. गेल्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. ते घड्याळ दिवसाला थोडं पुढे जात होतं. माझ्यासमोर घड्याळ पुढे जातंय आणि मी नुसता बघतोय, हे कसं व्हावं? आठ सकाळी त्यात गेल्या. ते ठीक झालं आणि सवयीने हात सुईकडे गेला. तिसरी खूण कोरून झाल्यावर लक्षात आलं की घड्याळ माझंच आहे.

परवा डॉक्टरांनी हत्यारं खाली ठेवायला सांगितली. ठेवली. वहिनीने एकेक पुसून डब्यात भरली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. मलाही आवरलं नाही. पण तू फसलीस असं पुन्हा म्हणू नकोस. निरोगी घड्याळ मिळालं असतं तर मी ते बघून बंद केलं असतं. त्या दोन कारागिरांची गाठ कुठून पडली असती? माझ्या शेवटच्या कामाची खूण त्यांच्या खाली आहे, आणि माझ्या खाली आणखी एक-दोघांपुरती जागा मी सोडलीय.

यापुढची पत्रं वहिनी लिहील, मी सांगेन. अक्षर तिचं असलं तरी आशीर्वाद माझेच समज.
तुझा दादा