दुधाने धुतलेला ठिपका

बदलापूर (पूर्व),
२ जून २०२५

चि. हर्षदा हिला अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला ठेवून देतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, एवढाच काय तो फायदा.

इकडे सगळं ठीक. ह्यांचं बीपी गोळ्यांनी ताब्यात आहे, जीभ नाही. बारवी धरण एवढं जवळ, तरी आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड. जांभळं यंदा चांगली आलीत. या पत्राबरोबर सईच्या हाती पाठवते आहे, तिने वाटेत संपवली नाहीत तर खा.

तू लेकाकडे, समीरकडे, कॅनडाला कायमची निघालीस, हे मला तुझ्या लेकीकडून कळलं. आधी राग आला, की सख्ख्या बहिणीला एवढंही सांगावंसं वाटू नये? मग राग कुठे ठेवायचा तेच कळेना. बदलापूर ते उल्हासनगर अंतर ते केवढं! तेवढं मला कधी चालून येववलं नाही, आणि तू आता समुद्रापार जाणार.

काल सई आली ती सरळ म्हणाली, "मावशी, आजीचा खडा दाखव ना. आई म्हणाली, निघायच्या आधी एकदा बघून ये. चांदणं मावशीकडे आहे."

मी हसले. चांगलं हसू नव्हतं ते. म्हटलं, "आईला सांग, चांदणं तिच्याकडेच आहे. आधी हात तिने घातला होता." तरी कपाटातून लॉकेट काढून तिच्या हातात दिलं. घे, बघ, साबुदाण्यासारखा पांढराफटक.

हर्षू, तुला तो अख्खा असतानाचा आठवतो ना? मोरिवलीच्या बाजूच्या चिनी मातीच्या कारखान्यात नाना होते. तिथे भांड्यांवरच्या चकाकीसाठी, ग्लेझसाठी, फेल्डस्पार नावाच्या दगडाची पोती यायची. सगळ्या दगडाचं दळून पीठ व्हायचं. त्यातून एक खडा नानांनी उचलला, कारण उन्हात तो आतून निळा हलला. लाखात एखादा निघतो म्हणायचे. घासून घासून अंड्याएवढा केला आणि आईला दिला, म्हणाले, घे तुझा चंद्रकांत मणी. कोजागरीला आई तो दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायची आणि आपण दोघी माना वाकड्या करून चांदणं शोधायचो.

आई गेल्यावर मामांनी सगळं समसमान वाटलं, अगदी पितळी डबेसुद्धा. उरला खडा. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, एवढी साधी गोष्ट. पण मी म्हटलं सारखं म्हणजे सारखं, आणि तूही हट्टाला पेटलीस. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला तो खडे घासणारा सिंधी म्हातारा आपल्याला बहिणी मानून, हात जोडून म्हणत होता, "अदी, इसको मत काटो. ये पत्थर अपनी मर्जी से फटता है, एकदम सीधा. चमक किसके हिस्से में जाएगी, मैं नहीं बोल सकता." आपण ऐकलं नाही. चाकाला टेकतो न टेकतो तोच तो दोन झाला.

तो तुकडे घेऊन बाहेर उन्हात गेला, तू मागोमाग गेलीस. मी आतच फुगून बसले. बाहेर आले तर तुझा तुकडा तुझ्या मुठीत. विचारलं नाहीस, दाखवला नाहीस. मी म्हाताऱ्याने बांधलेली माझी पुडी उचलली आणि पायऱ्या उतरले. म्हातारा मागून ओरडत होता, "अदी, निशान ऊपर रखना!" मी वळूनही पाहिलं नाही. घरी पुडी सोडली तर खड्यावर लाल शाईचा ठिपका. मला वाटलं, दुकानातला डाग. सोमवार होता. आई सांगायची तसा खडा निरशा दुधाने धुतला आणि डाग नखाने खरवडून काढला. मग शिवमंदिराजवळच्या सोनाराकडे दिला. त्याने त्याला बरी दिसली ती बाजू वर घेऊन घुमटासारखा घासला आणि लॉकेटात बसवला.

काल सईने लॉकेट खिडकीत नेलं आणि तिरकं केलं. "मावशी, सरळ नको बघूस. इथे, कडेला." सोन्याच्या पट्टीला चिकटून निळी रेघ सरकली. पोरगी त्या खड्यापायीच भूशास्त्र शिकली म्हणे. तिने सांगितलं, आत कागदाहून पातळ थर असतात, उजेड त्यांच्यातून परत येतो, आणि थरांचं तोंड असेल तिकडूनच दिसतो. मी थरांना कुशीवर निजवलं होतं.

मी म्हटलं, मग तुझ्या आईच्या तुकड्यात किती असेल! तर ती म्हणाली, "आईच्यात काहीच नाही गं. उन्हात धरल्यावर एकातच दिसलं. ताई नको-नको करत बसेल, म्हणून आईने पटकन दुसरा उचलला."

ती सहज बोलून गेली. मला वाटतं, हे मला ठाऊक आहे असंच तिला वाटत होतं. तुलाही?

तुझे यजमान गेले तेव्हा मी तेराव्याला आले, पानावर बसले आणि पाहुण्यासारखी निघाले. बहिणीने थांबायचं असतं. तू दारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "जेवण बरं होतं ना?" माझ्या मनात तेव्हाही तुझी मूठ होती गं.

खडा पुन्हा घासला तर तुरीच्या डाळीएवढा उरेल, नाहीतर परत फुटेल, असं सई म्हणते. राहू दे तसाच. मला आता काहीही कापायचं नाहीये.

लॉकेट सईजवळ देत नाही. उद्या मीच घेऊन येते, तिरकं कसं धरायचं ते दाखवायला हवं. पिशवी भरली आहे, चार साड्या आणि गोळ्या. तू विमानात बसेपर्यंत राहणार आहे. आता तुला माझी गरज उरलेली नाही, हे कळतं मला. दार तेवढं उघड.

आणि तुझा तुकडा काढून ठेव. इतकी वर्षं त्याचा हेवा केला, पण तो मी एकदाही पाहिलेला नाही.

या खेपेला थांबायला येणारी,
तुझी कुमुताई