नव्या लॅपटॉपची उजळ स्क्रीन

सागर, ४ जून

ती. दोड्डम्मास, इंचराचा सा. न. वि. वि.

कालपासून नव्या लॅपटॉपवर आहे. जुन्याची बटणं अडकायला लागली म्हणून अप्पांनी हट्टानं नवा आणला. मला मात्र दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं झालंय. स्क्रीन रीडरची सगळी कामं ज्या बटणावरून करायची, ते इथं भलत्याच कोपऱ्यात. आकड्यांची पट्टी तर नाहीच. वाचून दाखवणारी बाई इतकी सावकाश बोलते, की तिचं वाक्य संपेस्तोवर माझं काम उरकलेलं असतं. वेग वाढवला तर अम्मा म्हणाली, डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाटतं. तेव्हापासून इअरफोन लावते.

आता मुद्दा. कलबुर्गीच्या ग्रंथालयातल्या अंध विभागात माझी नेमणूक झाली. वीस तारखेच्या आत हजर व्हायचंय. घरी सांगितलेलं नाही. अम्मा विचारेल, रस्ता ओलांडताना हात कोण धरणार. उत्तर आहे माझ्याकडे, पण ती रडायला लागली की आठवत नाही. पुठ्ठ्यावर चिंचोके चिकटवून तू मला ब्रेल अक्षरं शिकवलीस. आता हे कसं सांगायचं तेही शिकव. तोवर तुझ्या बहिणीला, म्हणजे अम्माला, कळू देऊ नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, रागावून कमी करू नकोस.
तुझी इंचरा

उडुपी, ७ जून

चि. इंचरास, अनेक आशीर्वाद.

नेमणुकीचं वाचून जीव सुखावला. नवी वस्तू आली की तू घाबरतेसच. पांढरी काठी आणली तेव्हा आठवडाभर तिला छत्र्यांत उभी करून ठेवली होतीस. लॅपटॉपही बसेल हाताला.

अम्माला मात्र तूच सांग. मी मध्ये पडले तर म्हणेल, अक्कानं पोरीला पढवलं. धाकटी बहीण आहे माझी, तिला मी ओळखते.

एक विचारायचं आहे. काल तिचा फोन आला होता. भात खाणाऱ्या माणसाला रोज ज्वारीची भाकरी सोसते का, असं सहज विचारल्यासारखं विचारत होती. भाकरी म्हणजे कलबुर्गीकडचंच रोजचं जेवण. मी अक्षर बोलले नाही. तू कुणाजवळ बोललीस का?

जपून राहा. माया आहेच, ती पत्रानं वाढत नाही आणि कमीही होत नाही.
तुझी दोड्डम्मा

सागर, १० जून

ती. दोड्डम्मास, सा. न. वि. वि.

कुणाजवळही बोलले नव्हते. जुना लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी हातातून पडला, तेव्हाच त्याची स्क्रीन गेली होती. मला तिचा उपयोग नाही, म्हणून दुरुस्तच केली नाही. मागे कुणी उभं राहिलं तरी त्याला काळ्या काचेशिवाय काही दिसत नसे. नव्याची स्क्रीन चालू आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अप्पांना विचारलं तर म्हणाले, चांगला लख्ख उजेड आहे की. आणि अम्मा हल्ली रोज माझ्या मागचंच फडताळ पुसते.

स्क्रीन काळी करायची सोय असते. ती शोधून काल लावून पाहिली. अम्मानं लगेच विचारलं, बिघडला का गं? नाही म्हटलं. त्यावर ती फडकं घेऊन स्वयंपाकघरात गेली, ती संध्याकाळभर इकडे फिरकली नाही. तिच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं मला.

आज स्क्रीन पुन्हा चालू केली आहे. एक कान मोकळा ठेवलाय. फडकं फडताळावर एकाच जागी फिरतंय.

अम्मा, वाच. मी सतरा तारखेला कलबुर्गीला जाणार. रस्ता काठीनं ओलांडीन. भीती वाटली तर थांबून कुणाचा तरी हात मागीन, तो दर वेळी तुझाच नसेल. तू नको म्हणालीस तरी जाईन. पण तू नको म्हणू नयेस, असं फार वाटतं.

दोड्डम्मा, फडकं थांबलंय. अम्मानं खुर्ची ओढली. मला सरक म्हणते.

अक्का, नमस्कार. सतराला अमावास्या आहे, एवढंही हिला कळत नाही. अठराला मी घेऊन जाते आणि चार दिवसांनी एकटी परत येते. तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर खोली पाहायला सांग, गॅसजवळ खिडकी असलेली. पोरीला माझ्या नकळत सल्ले दिलेस, त्याचा राग आहे. लोभ त्याहून जास्त आहे.

पुढचं फोनवर बोलू. इथं जे लिहावं ते हिच्या कानात लगेच वाजतं, आणि ही मघापासून हसते आहे.
तुझी मालिनी