कमरेची पट्टी आणि शाईचा थेंब

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, निदान सुट्टीच्या दिवशी तरी. बाबांचा खोकला कसा आहे? खरं काय ते लिही.

गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानातल्या मालकीणबाई म्हणाल्या, "तुझं बोलणं गिऱ्हाइकांना कळत नाही. उद्यापासून मागचं गोदाम सांभाळ." तुला कळवलं नाही, उगाच जिवाला घोर नको म्हणून.

त्याच दिवशी एक आजोबा तणतणत आले. कंबरदुखीवरची औषधी पट्टी लावूनही गुण येत नव्हता. बघते तर पट्टीमागचा पारदर्शक कागद तसाच, वरून कमरेला फडकं बांधलेलं! मी समजावून थकले, पण इथल्या भाषेतलं माझं मोडकंतोडकं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जात होतं.

शेवटी ग्लासभर पाणी घेतलं. त्यावर तो कागद धरला आणि शाईचा थेंब टाकला. थेंब जागचा हलेना. मग कागद बाजूला करून दुसरा थेंब थेट पाण्यात सोडला. कुणी ढवळलं नाही, तरी शाई आपली आपण पसरत गेली, दाट होती तिथून विरळ होती तिकडे. मी आधी पट्टीकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या कमरेकडे. आजोबा कपाळाला हात लावून खो खो हसले.

काल ते ताठ चालत आले आणि दारातूनच ओरडले, "ती पाणीवाली पोरगी कुठाय? शाई पोचली म्हणावं!" मी गोदामातून धावत बाहेर आले. मालकीणबाईंनी हसत गोदामाची किल्ली काढून घेतली. आता मी पुन्हा काउंटरवर!

आजोबांचा तुला निरोप आहे: "आईला कळव, मुलगी छान बोलते."

तुझी,
धाकटी