डोहातल्या ओंडक्याचं दुसरं टोक

मी, धनुष्यं करणारी बाई, वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचं रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक लेकीला. तिने घर विकलं तरी हरकत नाही. मी हरकत घ्यायला येणार कुठून?

२. रंधे, सुरे आणि लाकूड वाकवायची वाफेची पेटी माझ्याकडे शिकलेल्या सुतारणीला. शेजारच्या सुताराला खिळासुद्धा देऊ नये. गिऱ्हाइकासमोर त्याने माझ्या धनुष्याला "खेळणं" म्हटलं होतं.

३. आता मागच्या खोलीतला काळा ओंडका. एकतीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाने आणि मी डोहाच्या तळातून असाच एक काढला होता. गळ्याइतक्या पाण्यात, दोर बांधून, अख्खा दिवस. टोकावरची वर्तुळं मी टाचणीने मोजली. एक वर्तुळ म्हणजे झाडाचं एक वर्ष. तीनशे बारा झाली तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, थांब गं. आपण कोणाला उचलून आणलंय?" अंगावर काटा आला होता. आत्ता लिहितानाही आला.

असं लाकूड सावलीत, दोन्ही टोकांना मेण लावून सावकाश वाळवतात. नाहीतर टोकं आधी सुकतात आणि लाकूड उभं चिरतं. आमचं चिरलं. "तूच उन्हात ठेवलंस," म्हणत मी भावावर खापर फोडलं. त्याने ठेवलं नव्हतं. एका टोकाला मेण लावायला मीच विसरले होते. हे मला त्याच आठवड्यात कळलं, तरी मी तोंड उघडलं नाही. तो पुन्हा आला नाही. चूक माझी होती, हे इथे लिहून देते.

४. यंदा पूर ओसरल्यावर त्याच डोहाच्या काठाला हा दुसरा ओंडका आपणहून येऊन पडला. मोजायला बसले. चारशेच्या पुढे डोळे भरून आले, टाचणी दिसेना. वाळायला निदान पाच वर्षं घेईल. मला तेवढी मिळायची नाहीत. हा ओंडका धाकट्या भावाला. सुतारणीने त्याचं धनुष्य केलं की पहिल्यांदा भावानेच ओढावं.

एका टोकाला मी मेण लावलं आहे. दुसऱ्यावर ओलं गोणपाट आहे, लेक रोज भिजवते. ते टोक त्याचं. हे कलम लेकीने त्याला आजच वाचून दाखवावं, मी मेल्यावर नव्हे.

स्थळ: मागची खोली. दिनांक: ९ नोव्हेंबर.
सही: धनुष्यवाली
साक्षीदार: १. पोस्टमनकाका २. दवाखान्यातल्या नर्सबाई

ज्याला वाटा मिळतो त्याची साक्षीदार म्हणून सही नको, असं माझ्या वकीलबाई म्हणाल्या, म्हणून खाली नुसती नोंद, दुसऱ्या हस्ताक्षरात:

१० नोव्हेंबर. मेण लावलं. ताईचं टोकही तपासलं, यावेळी नीट आहे. — धाकटा