भिंतीतला ठोका

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून घरदुरुस्ती. स्वतःच्या हाताने. प्लंबर, सुतार, वायरमन सगळे बाद. पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये मी अकरा हजार खोक्यांवर लक्ष ठेवतो. दोन खोल्या आणि एक मोरी म्हणजे किस झाड की पत्ती.

मुदत सोळा तारीख. त्या दिवशी बाबांची तिथी. मनोज जेवायला येणार. मनोज म्हणजे धाकटा भाऊ. कल्याण, सहावा मजला, चोवीस तास पाणी (हे तो न विचारता सांगतो). फोनवर म्हणाला, दादा, ते घर पडायला आलंय, सोळाला मी आईला इकडे घेऊन येतो. मी म्हटलं, सोळाला ये आणि घर बघ, मग बोल. फोन मीच आधी ठेवला. बरं वाटलं.

आई म्हणते पितृपक्षात भिंतीला हात लावू नये, गेलेले चाळवतात. तिला समजावलं की मी नवीन काहीच करत नाही, जुनंच घट्ट करतोय, त्याला शास्त्रात बंदी नाही. (शास्त्र तपासलेलं नाही.)

त्याच दिवशी, संध्याकाळ

यादी केली. किचनचा नळ. पुढच्या दाराची कडी. बाबांचा फोटो, वाकडा. आणि मुख्य शत्रू: मोरीच्या भिंतीतला ठोका.

रोज पहाटे, बहुतेकदा पावणेसहाच्या आसपास, भिंतीत आतून ठक, ठक, ठक. कोणीतरी आत उभं राहून बोटाच्या पेराने वाजवावं तसं. आई अंथरुणात उठून बसते, पदर नीट करते, म्हणते, "ते आलं." मग पाण्याची मोटर लावते आणि चहा ठेवते. दोन कप. एक ती पिते. दुसरा मोरीच्या कट्ट्यावर निवत राहतो, तो मी पितो. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. दीड वर्ष मी बाबांचा चहा पितोय. साखर कमी असते.

रंजिता म्हणते तो आवाज ती लग्न होऊन आली तेव्हापासून आहे, तुम्ही त्या वेळी घोरत असता. बायकांना तारखा लक्षात राहत नाहीत.

आई कल्याणला जायला तयार नाही. "ते हितं हाईत. त्यांचं गुडघं हे असं, सहाव्या माळ्यावर कसं चढतील?" हे मनोजला सांगितलं तर तो आईला डॉक्टरकडेच नेईल. म्हणजे सरळ हिशोब: ठोका बंद, भूत बंद, घर ठणठणीत, मनोज गप्प. आई इथेच.

९ सप्टेंबर, मंगळवार

नळ उघडला. आत वॉशरच्या जागी चामड्याचा तुकडा! लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या पट्ट्याचा. बाबा नारपोलीत एकतीस वर्षं लूमचे जॉबर होते. कोणाचाही लूम अडला की बाळारामला बोलवा. पण लूमची दुरुस्ती वेगळी आणि घराची वेगळी, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तुकडा फेकला. नवीन रबरी वॉशर, वर पाना लावून शेवटपर्यंत आवळला. मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ बघतो, त्यातल्या माणसाचं वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे: ढिलं तिथे गळती.

रात्रीच्या भाकरीच्या वेळी नळाची मूठ रंजिताच्या हातात आली. तिचा हात जड आहे. आता नळ पकडीने उघडायचा.

११ सप्टेंबर, गुरुवार

पुढच्या दाराची कडी. वर्षानुवर्षं खुळखुळते. पट्टी काढली तर मागे लाकडावर पेन्सिलीने: "घट्ट करू नये. बा. ४-२-९८."

बाबांचंच अक्षर. जॉबर लोक लूमच्या फ्रेमवर खडूने तारीख टाकतात, पुढच्या शिफ्टला कळावं म्हणून. पण घरात पुढची शिफ्ट कोण? बाबा जन्मात माझ्याशी चाळीस वाक्यं बोलले असतील, त्यातली वीस सायकलबद्दल. आणि दाराच्या मागे बसून मला पत्र लिहीत होते?

शांतपणे विचार केला. पेन्सिल पुसट झालेली आहे. मूळ वाक्य "घट्ट करू नये असं नाही" असणार. चार इंची स्क्रू मारले.

दार उघडत नाही. भिंतीपलीकडच्या कारखान्यातल्या सोळा लूमनी चौकट दिवसभर हलते, त्यात कडी अडकून बसली. मागच्या दाराने, गटारावरून उडी मारून ड्युटीवर. साहेबाला अंजूरफाट्याचं ट्रॅफिक सांगितलं. ते नेहमीच खरं असतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ५.५५

शुक्रवार, लूम बंद. एरवी या घरात खटखट इतकी मुरलेली असते की ती थांबली की जाग येते. सगळी गल्ली श्वास धरून बसल्यासारखी. आणि त्यात तो एकटा ठोका. स्पष्ट. घाई नाही. जरा थांबून पुन्हा.

मोरीत जाऊन भिंतीला कान लावला. भिंत गार होती. तोंडातून निघून गेलं, "कोण?"

मागे रंजिता ब्रश घेऊन उभी. विचारते, काय म्हणाले?

उद्यापासून वैज्ञानिक दृष्टिकोन.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाबांचा फोटो. सुतळीने एका खिळ्याला टांगलेला, मागे पुन्हा चामड्याचे दोन तुकडे. लूमच्या हादऱ्याने दिवसभरात डावीकडे कलतो, आई संध्याकाळी सरळ करते. हा काय प्रकार! चारही कोपऱ्यांत ड्रिल मारून फ्रेम भिंतीला पक्की केली. आता भूकंप आला तरी बाबा हलणार नाहीत.

दुपारी ३: काच तडकली. कपाळापासून हनुवटीपर्यंत. कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आईने पदराने काच पुसली. मग म्हणाली, "हऱ्या, त्यांना असं भिंतीत चिणू नको रं." रंजिता म्हणाली, आता सोडा त्यांना तरी. काचेची क्वालिटी हल्ली राहिलेली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

निर्णायक दिवस. मोरीच्या तीन टाइल्स फोडल्या. (सहा फुटल्या.) आत पाण्याचा पाइप. आणि मला जे वाटलं होतं तेच: पाइप ढिला! भिंत आणि पाइप यांच्यात दोन बोटं जागा, क्लॅम्प सैल, खाली चामडं. पाणी सुटलं की आधी हवा येते, पाइप थरथरतो, भिंतीवर आपटतो. म्हणजे भूत नाही, हयगय. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे लूम नीट केले आणि स्वतःच्या घरात हा कारभार.

विटेवर पेन्सिल. तेच अक्षर. "घट्ट करू नये." खाली दोन रेघा.

छिन्नी खाली ठेवून घाम पुसला. घाम उकाड्याचा होता. बाबा मेल्यावरसुद्धा स्वतःचं कच्चं काम झाकायला बघतायत, याचं वाईट वाटलं. मोठ्याने म्हटलं, बाबा, आता घर माझ्याकडे आहे. बाबा काही बोलले नाहीत. जिवंतपणी तरी कुठे बोलत होते.

स्टीलचे चार क्लॅम्प, वर सिमेंट. चामडं कचऱ्यात टाकलं, ते गल्लीतल्या कुत्र्याने नेलं.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८

यश!!! ठोका बंद. पूर्ण. मी मुद्दाम साडेपाचला उठलो होतो. सहा, सव्वासहा, काही नाही.

आई अंथरुणात बसून होती. पदर नीट केलेला. साडेसातपर्यंत भिंतीकडे बघत होती. मग उठली, एकच कप चहा केला. मला मिळाला नाही. मोठ्या कामात असं व्हायचंच.

पिंपात पाणी नाही. आज सुटलंच नसणार. रंजिता म्हणते बाजूच्या काशीवहिनींचे दोन्ही पिंप काठोकाठ आहेत. एकेकाचं नशीब.

१६ सप्टेंबर, मंगळवार. तिथी

आजही पाणी नाही. म्हणजे काशीवहिनींकडे आलं. आपल्याकडे पण आलं असणार म्हणे, येऊन गेलं, मोटर कोणी लावली नाही. मोटर कधी लावायची ते कोणाला कसं कळणार? आवाज झालाच नाही. आई एरवी कशी लावायची, असं रंजिताने विचारलं आणि स्वतःच माझ्याकडे बघत राहिली. मला वडे तळायला तेल आणायचं होतं, मी गेलो.

पाण्याचे दोन जार विकत आणून खीर, वडे, भाजी, सगळं झालं. मनोज अकराला आला. पुढच्या दारावर दहा मिनिटं थापा मारत होता, मग गटारावरून मागे आला. पकडीने नळ उघडायला गेला, कोरडा. जारच्या पाण्याने हात धुतले. तडकलेला फोटो बघितला. सहा टाइल्सचं भगदाड बघितलं. काही म्हणाला नाही. हे त्याने बाबांकडून घेतलंय.

जेवण झाल्यावर त्याला मोरीत नेलं. म्हटलं, ऐक. तो ऐकत राहिला. म्हणाला, काय ऐकू? मी म्हटलं, काहीच नाही ना? तेच तर! आता आईला कसलेही भास होणार नाहीत. तिला न्यायचं कारणच उरलं नाही.

वळलो तर आई दारात. हातात पिशवी. दोन लुगडी, चष्मा, औषधं.

म्हटलं, आई, तू तर जाणार नव्हतीस. इथे बाबा आहेत म्हणालीस.

"व्हते," आई म्हणाली. "दोन रोज झाले, येत न्हाईत. मी बसून व्हते की."

मी सांगितलं, तो पाइप होता, हवा होती, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. आई म्हणाली, "आसंल. मंग त्यो पायपच बरा व्हता."

मागच्या दारानेच गेली. गटार ओलांडताना मनोजने तिचा हात धरला. मी दार धरून उभा होतो. दुसरं काय धरणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

विठू प्लंबरला बोलावलं. हार नव्हे. सेकंड ओपिनियन.

त्याला सांगितलं, या पाइपचा आवाज यायला पाहिजे. विठूने दोनदा विचारलं. मग म्हणाला, शेठ, वीस वर्षं झाली, लोक आवाज बंद करायला बोलावतात. आवाज आणायला बोलावणारे तुम्ही पहिले.

सिमेंट फोडलं. विटेवरची पेन्सिल वाचली. बराच वेळ पाइपवरून हात फिरवत होता. म्हणाला, काम बघा काय केलंय. पाणी सुटायची वेळ पक्की नाही, कधी पाच, कधी साडेसहा. बाईमाणूस जागं राहणार किती? म्हणून पाइप मोकळा ठेवला. पाणी आलं की ठोकून उठवतो. आणि इकडे लूमची भिंत, घट्ट केलं की तुटतंच, म्हणून सगळीकडे चामडं. डोकं होतं माणसाला. मग क्लॅम्पकडे बघून विचारलं, ही गाढवगिरी कोणी केली?

मी म्हटलं, आधीच्या भाडेकरूने.

विठू म्हणाला, हे घर बाळारामकाकांनी बांधलं, मी विटा वाहिल्यात. भाडेकरू कधी होता?

मी त्याला चहा विचारला.

चामडं मिळालं नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. विठू म्हणाला, तसाच आवाज येईल याची गॅरंटी नाही. काकांचा हात वेगळा होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.२०

लूम बंद. पाच वाजल्यापासून मोरीत स्टुलावर बसून होतो. रंजिता उठली, बघितलं, चहा ठेवून गेली. पाच पन्नासला भिंतीत खरखर झाली. मग आवाज. ठक नाही. भद्, भद्. कोणीतरी जाड मोजे घालून चालावं तसा. पण आला. मोटर लावली.

तेवढ्यात आईचा फोन. सहाव्या मजल्यावर पाणी चोवीस तास असतं, त्यामुळे कशाला उठायचं कळत नाही, म्हणाली. मग आवाज बारीक करून विचारलं, "आलं का रं ते?"

मी म्हटलं, हो, आत्ताच आले. तुझी चौकशी करत होते.

 मग आई म्हणाली, "खोटं बोलतंस. त्यांनी जल्मात कदी कोणाची चौकशी केली न्हाय."